अण्णा विमानात बसायला तयार नाहीत

"वडिलांना आता एकटं ठेवता येत नाही आणि ते आमच्याकडे यायला तयार नाहीत. जबरदस्ती करू का?" साताऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न. इथल्या कितीतरी घरांत आता म्हातारी माणसं आणि कुलपं लावलेल्या खोल्याच उरल्यात. अशाच एका घराची ही गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मुलगा बेंगळुरूत नोकरीला. वडील ७८ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त, आई गेल्यापासून एकटेच. सकाळी स्वयंपाकाला मावशी, रात्री सोबतीला नात्यातला एक पोरगा. दोन्ही गुडघे बदललेले, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं. सहा महिने बेंगळुरूला चला म्हटलं की अण्णांचं ठरलेलं उत्तर : "विमानतळावरची ती तपासणी मला नको. गुडघ्यांमुळे यंत्र वाजतं."

मुलगा पूर्ण तयारीनिशी आला होता. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगायची, गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद जवळ ठेवायचा, वगैरे. या कागदाने तपासणी टळते असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं होत नाही. धातूचा सांधा असला की तपासणीच्या चौकटीतून जाताना यंत्र वाजणार, मग सुरक्षेचा जवान हातातलं यंत्र फिरवणार आणि चाचपून पाहणार. व्हीलचेअरवरच्या माणसालाही हे चुकत नाही. कागदाचा फायदा एवढाच, की यंत्र का वाजलं हे पटकन समजतं.

मी विमानाचं सोडून अण्णांचा दिवस कसा जातो ते विचारलं. गांधी मैदानावरचा संध्याकाळचा कट्टा बंद. चहा एकवेळचाच, पाणीही मोजून. पुतण्याच्या लग्नाला गेले नाहीत. स्वतःचे कपडे मावशी यायच्या आत स्वतः धुतात. "डिप्रेशन असेल का हो मॅडम?" असू शकतं. पण पाणी मोजून पिणारा आणि पहाटे गुपचूप कपडे धुणारा म्हातारा माणूस दिसला, की मी आधी दुसरीच चौकशी करते.

"मुलाबद्दल तुमची काय तक्रार आहे ती ऐकायचीय" असा निरोप दिला, तेव्हा अण्णा लगेच आले. मुलाला बाहेर बसवलं. पहिला अर्धा तास खरोखर तक्रारीच झाल्या, त्यांतल्या निम्म्या रास्त होत्या. मग मी सरळ विचारलं, "अण्णा, ऑपरेशननंतर लघवीचा त्रास राहिलाय का?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, डायपर बांधतो मी. मागच्या वेळी त्या जवानाने कमरेशी चाचपलं आणि विचारलं, ये क्या है. मागे सून उभी होती, नात होती. मी काय सांगायचं?"

जवान उद्धटपणे वागला नव्हता, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्याने त्याचं काम केलं. पण घरात कुणालाच माहीत नसलेली गोष्ट रांगेत उघडी पडायची वेळ आली होती. सहा महिने मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचं म्हणजे तीच भीती रोजची, हे त्यांनी मनाशी कधीच ताडलं होतं. गुडघे हे सांगायला बरं कारण होतं.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काही पुरुषांना असा त्रास होतो. बऱ्याच जणांचा काही महिन्यांत कमी होतो, लघवी रोखून धरणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने फरक पडतो, नाही पडला तर औषधं आणि इतर उपाय आहेत. अण्णा त्यासाठी डॉक्टरांकडे परत गेलेच नव्हते. उलट पाणी तोडलं होतं. त्याने लघवी गडद होऊन जळजळते, जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ वाढतं, उठताना चक्कर येते. या वयात पडणं किती महाग जातं ते सांगायला नको.

मुलाला कोण सांगणार, यावर आम्ही बोललो. मी सांगू शकते म्हटलं. "नको, मीच सांगतो. सुनेला मात्र तो सांगेल." मुलाला आत बोलावलं. अण्णांनी छताकडे बघत एका वाक्यात उरकलं. मुलगा म्हणाला, "एवढंच ना?" हे मला खटकलं. अण्णांसाठी ते 'एवढंच' नव्हतं. मी त्याला तसं तिथेच म्हटलं.

पुढचं काम साधं होतं. आधी मूत्ररोगतज्ज्ञांकडे. प्रवासापुरतं त्यांचं चार ओळींचं पत्र. तपासणीला आपली पाळी येण्याआधीच जवानाला हळूच सांगायचं आणि आडोशाला तपासा म्हणायचं, तशी विनंती करता येते. सून आणि नात आधी पुढे जातील, अण्णांसोबत मुलगा थांबेल. जादाचे डायपर हातातल्या पिशवीत, सीट मधल्या वाटेलगतची आणि स्वच्छतागृहाजवळची. सातारा ते पुण्याचं लोहगाव विमानतळ साधारण सव्वाशे किलोमीटर. तेव्हा घाई न करता वाटेत दोनदा थांबता येईल अशा वेळेला निघायचं. बेंगळुरूच्या घरात अण्णांच्या खोलीला लागून बाथरूम हवं आणि झाकणाची कचरापेटी हवी. ही कचरापेटी मी मुलाला मुद्दाम लिहून घ्यायला लावली.

या सगळ्यानंतरही अण्णा सहा महिन्यांना तयार झाले नाहीत, आणि मला ते योग्यच वाटलं. दसऱ्यापर्यंतच राहतो म्हणाले, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. मुलाने सांगितलं, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून कुठूनही देता येतो. अण्णा पोस्टातले, त्यांना हे त्याच्याआधीपासून ठाऊक होतं. "माहीत आहे. तरी परतीचं तिकीट दसऱ्याआधीचंच काढ."