मिरामारहून आणलेले शंख आणि अंगणातला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा टॅरेंट्युलाच्या, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या, पेटीत ठेवू का?

शंख नकोत, चिराही नको. तुमची चिलियन रोज जमिनीवर राहणारी जात आहे, म्हणून एवढं ठाम सांगतो.

चिऱ्याचा धडा मी फोंड्यात घरीच घेतलाय. लाल तुकडा छान दिसतो म्हणून मातीवर ठेवला. आठवड्याभरात आमच्या बाईसाहेबांनी नेमकं त्याच्याखालीच बीळ पोखरायला घेतलं. एका सकाळी पाहतो तर चिरा कललेला आणि फटीतून दोन केसाळ पाय बाहेर. काचेला टेकून तो अडला म्हणून वाचली. दगड ठेवायचाच तर आधी रिकाम्या पेटीच्या तळावर पक्का बसवा, मग भोवती कोकोपीट, म्हणजे मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, भरा. मी मात्र पुन्हा ठेवलेला नाही.

शंखांचा त्रास वेगळा. या कोळ्याचं पोट पातळ सालीच्या पिकल्या फळासारखं असतं. काचेवर चढून ती टोकदार किंवा कडक वस्तूवर पडली तर पोट फुटतं, आणि मग बहुधा वाचत नाही. निवडुंग, धारदार कडांचे खेळण्यातले किल्लेही त्याच कारणाने बाद. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीत ठेवा. जास्त असेल तर सरळ कोकोपीट वाढवा. जाळीच्या झाकणात नख्या अडकतात, ते बदलाच.

लपायला करवंटीसारखं दुसरं काही नाही, आणि गोव्यात ती विकत घ्यावी लागत नाही. खोबऱ्याचा कण न कण खरवडून काढा, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी आणि मागोमाग मुंग्या. बाहेरचा काथ्या काढा, करवंटी उकळा, कडकडीत उन्हात वाळवा. कडेला ती सहज आत जाईल एवढी खाच पाडून कानशीने घासा, बोट फिरवून पाहा, आणि अर्धी मातीत पुरा.

बागेतली फांदी फवारणी झालेली असू शकते. खोक्यांचं पाइनचं लाकूडही नको, त्यातलं तेल बाधतं. शेवाळ ओल धरतं, ते घालू नका: ही कोरड्या मुलखातली, आपल्याकडे जूननंतरची हवाच तिला जड. पाण्याची वाटी उथळ हवी, स्पंजशिवाय.

हिरवं काही हवंच असेल तर चवथीच्या बाजारातली प्लास्टिकची वेल चालेल, पण आतली तार ओढून काढा. माझ्या वेलीत ती देठातून सुईसारखी बाहेर आली होती.