ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. तहान लागली की ‘तुला पाणी देऊ का?’ असं म्हणतो. कार्टूनमधली वाक्यंही दिवसभर चालू असतात. ही सवय मोडावी का?

उत्तर : मोडू नका. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याला एकोलालिया म्हणतात. काही मुलं सुटे शब्द जोडत बोलायला शिकतात, काही अख्खं वाक्य चालीसकट उचलतात आणि पुढे त्याचे तुकडे पाडतात. पाणी देताना तुम्ही तेच वाक्य म्हणता ना? त्याच्या लेखी पाणी मागायचं वाक्य तेच.

म्हणून त्याच्या तोंडी शोभेल असं बोला. पेला पुढे करताना ‘मला पाणी हवंय’ म्हणा आणि लगेच द्या. ‘आधी म्हणून दाखव’ असं अडवू नका. मराठीत आणखी एक गोची आहे: आईचं ‘मी आले’ मुलगा तसंच उचलतो. त्याच्या वतीने बोलताना ‘मी आलो’ म्हणा. मग त्याला बोलायला वेळ द्या, मनात दहा आकडे मोजा. बहुतेक घरांत घाई होते ती इथेच.

कार्टूनच्या वाक्यांसाठी वही ठेवा: वाक्य, वेळ, आधी काय घडलं. ‘पळा, पळा!’ दर वेळी मिक्सर लागल्यावरच येत असेल, तर ती बहुधा भीती आहे. तिथे ‘मला आवाज नको’ हे वाक्य द्या.

अख्खं वाक्य उचलून शिकण्याच्या या पद्धतीवर बेतलेल्या थेरपीचे पुरावे अजून तोकडे आहेत, तेव्हा महागड्या कोर्सला भुलू नका. श्रवणतपासणी राहिली असेल तर आधी ती करा. आणि कोणी सांगितलं तरी घरातली मराठी बंद करू नका.