मॅडमना उद्याच भेट

दिंडोरीहून रोज नाशिकला कॉलेजात येणारी एम.ए. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी लिहिते: ‘द्राक्षबागेतल्या मजुरीच्या खर्चावर माझा प्रबंध आहे. 40 बागायतदारांच्या मुलाखती मी स्वतः घेतल्या, पण आधीच्या संशोधनाचं प्रकरण चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं. त्यातले दोन संदर्भ गाइड मॅडमनी मागितलेत आणि ते कुठेच सापडत नाहीत. सबमिशन आठ दिवसांवर आहे. काय सांगू त्यांना? मला पुढे पीएचडी करायची आहे.’

बेटा, ते लेख बहुधा कुणी लिहिलेलेच नाहीत. ही टूल्स पुढे कोणता शब्द शोभेल या अंदाजाने मजकूर जुळवत जातात. आडनाव, जर्नल, वर्ष, पानांचे आकडे, सगळं खऱ्यासारखं बसतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असेच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि 5,000 डॉलर दंड भरला.

तू पाठवलेलं प्रकरण मी वाचलं. तिसऱ्या पानावर आहे, ‘ऑक्टोबरच्या खरड छाटणीला मजुरी वाढते.’ अगं, ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची; नव्या काड्यांसाठीची खरड एप्रिलमध्ये! तुझे वडील झोपेतून उठवलं तरी हे सांगतील. तुझ्याच फॉर्ममध्ये दोन्ही छाटण्यांचा खर्च वेगवेगळा भरलेला आहे. तरीही ते वाक्य तुझ्या नजरेतून सुटलं, याचं मला त्या संदर्भांपेक्षा जास्त वाईट वाटलं. स्वतः लिहिताना आपण अडखळतो, म्हणून तपासतो. आयत्या मजकुरावरून नजर नुसती घसरत जाते.

उद्या सकाळीच मॅडमकडे जा. टूल वापरलं, संदर्भ पडताळले नाहीत, प्रकरण नव्याने लिहिते, मुदत वाढवून मिळेल का, एवढं सरळ सांग. त्या रागावतील. पण हेच तोंडी परीक्षेत उघडं पडलं तर सावरायला वेळ उरणार नाही. प्रबंधातला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअर सांगतं, तो ‘साधर्म्याचा रिपोर्ट चांगला आलाय’ यावर विसंबू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साधर्म्य चालतं, 60 टक्क्यांवर गेलं तर नोंदणी रद्द होते. पण ते सॉफ्टवेअर उचललेला मजकूर शोधतं, खोटा संदर्भ नाही.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या वेबसाइटवर प्रबंध मोफत वाचता येतात. तुझ्या विषयाजवळचे पाच-सहा काढ, वहीत हाताने टिपणं घे, मग लिही. आपला परिच्छेद लिहून झाल्यावर ‘यात काय कळत नाही?’ असं टूलला खुशाल विचार. मात्र मॅडमची परवानगी घे आणि कुठे, कशासाठी वापरलं ते प्रस्तावनेत नोंदव. मुलाखतींचे फॉर्म मात्र टूलमध्ये अजिबात टाकू नकोस. ओसरीवर बसवून, चहा पाजून लोकांनी तुला आपल्या कर्जाचे आकडे सांगितलेत, तेही नाव आणि मोबाइल नंबरासकट.

पीएचडीचं नंतर सविस्तर बोलू. त्या 40 मुलाखती तुझ्या आहेत, त्यांवर पुढचं काम उभं राहू शकतं. आधी छाटणीचं वाक्य दुरुस्त कर आणि मॅडम काय म्हणाल्या ते कळव.