सोलापुरात राहून स्वतःची गाणी लिहून-गाऊन पोट भरतं का, की नोकरी सोडून पुण्याला जावं?

पुण्याचं म्हणाल तर हुतात्मा एक्सप्रेस आहे. सकाळी नेते, रात्री परत आणते. रेकॉर्डिंगसाठी त्याहून जास्त पुणं मला लागलेलं नाही, आणि आता तर बरंचसं घरीच होतं. कवी संजीवांनी सोलापुरात राहून मराठी सिनेमाची गाणी लिहिली. गाव बदलायचा विचार नंतर करा. आधी गाणं कुणाच्या नावावर राहणार ते बघा. यावरून माझं आणि अण्णाचं (माझा मोठा भाऊ, आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू) जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

आमची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, कात्री, तेंदूची पानं, हजारावर मजुरी. त्यावर मी गाणं केलं. शब्द माझे, चाल माझी, ठेका तिच्या हातांचा. मार्कंडेयाच्या रथोत्सवाच्या आदल्या रात्री गल्लीतल्या कार्यक्रमात गायले, कुणीतरी मोबाइलवर टिपलं, आणि या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत ते पुण्यातल्या एका म्युझिक कंपनीपर्यंत पोचलं. त्यांनी बोलावलं. अण्णा रजा टाकून सोबत आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

पंचवीस हजार देत होते, एकरकमी. कागद इंग्रजीत. गाण्याचे सगळे हक्क कायमचे आणि संपूर्ण विश्वात कंपनीचे. विश्वात! उद्या चंद्रावर कुणी वाजवलं तरी पैसे यांचेच. गाणार दुसरीच कुणी, ‘मार्केटमध्ये चालणारा आवाज’. माझं नाव कुठे येणार विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, “ते बघू ताई, हे स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे.” मी म्हटलं, ‘कायमचे’ काढून पाच वर्षं लिहा, आणि नावाची ओळ आत्ताच घाला. तो आत जाऊन आला. जमणार नाही म्हणाला. मी उठले.

अण्णा दौंडपर्यंत एक शब्द बोलला नाही. कुर्डुवाडीला चहा घेतला आणि सुरू झाला. “डोकं फिरलंय का गं तुझं? आईला हजाराला काय मिळायचं माहितंय ना? एका गाण्याला एवढे पैसे कोण देऊलालंय?” आईचंच उदाहरण दिलं म्हणून माझं डोकं जास्त तापलं. विडी कारखान्यात दिली की आईचा तिच्याशी संबंध संपायचा. छाटात, म्हणजे खराब म्हणून, काढलेल्या विड्यांची मजुरी नाही, आणि विड्या मात्र ठेवून घ्यायचे. गाणंही तसंच नगावर द्यायचं? अख्खा डबा आमच्याकडे बघत होता. सोलापूर येईपर्यंत भांडलो.

आता तुमच्या कामाचं. रेकॉर्डिंग ही एक मालमत्ता, शब्द आणि चाल ही वेगळी. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हक्क लिहून दिले तरी कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा जात नाही. गाणं आपलं आहे हे सांगण्याचा हक्कही विकल्याने संपत नाही. कागदावर मुदतच लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणून तर ‘कायमचे’ लिहायला ही मंडळी विसरत नाहीत. आयपीआरएसचे (कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सभासद व्हा, गाणी तिथे नोंदवा. गायक म्हणून मिळणारे पैसे वेगळे, त्यांची संस्था वेगळी.

कायदाच आहे तर सही केली असती तर काय बिघडलं, असं अण्णाचा वकील मित्र विचारतो. पुण्याच्या कंपनीशी कोर्टात भांडायला पैसे तो देणार आहे का? आणि त्या गाण्यात माझा आवाज नसता, तो कुठल्या कलमाने परत आला असता?

गाणं मग मीच काढलं. स्ट्रीमिंगवर फार भरवसा ठेवू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षात हजारदा ऐकलं गेलं नाही तर त्याचा छदामही मिळत नाही. यूट्यूबवर व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास लागतात. मला त्यापेक्षा बरे पैसे एका लघुपटवाल्याने दिले. दोन वर्षांच्या वापराचे दिले, मुदत संपल्यावर पुन्हा दिले. तरी सगळं मिळून अजून पंचवीस हजार झालेले नाहीत, आणि अण्णा दर दिवाळीला ते विचारतो. हिशेबात तो पुढे आहे, मान्य. पण कॉपीराइट माझ्या मरणानंतरही साठ वर्षं चालतो. अण्णा, तुझ्या नातवंडांना हिशेब विचार.

पोट भरतं ते कीबोर्डच्या क्लासवर, लग्नातल्या संगीतवर आणि निवडणुकीच्या प्रचारगीतांवर. प्रचारगीताचे पैसे आधी घ्यायचे. हरलेला उमेदवार फोन उचलत नाही. नोकरी सोडू नका, निदान यातून दरमहा काही यायला लागेपर्यंत तरी.

आणि हो, सिनेमाच्या गाण्याला थोडं वेगळं आहे, थिएटरात सिनेमासोबत वाजतं त्याचा रॉयल्टीतला वाटा मिळत नाही. मी वकील नाही. शिवाय मी आईच्या घरात राहते, भाडं नाही, हप्ते नाहीत. तुमच्या डोक्यावर कर्ज असेल तर पंचवीस हजार नाकारा असं मी म्हणणार नाही. फक्त सही करण्याआधी तो इंग्रजी कागद कुणाकडून तरी मराठीत समजावून घ्या. अण्णाकडून नको.