मागच्याने पुढे चालावं

प्रश्न : काकू, आम्ही नवरा-बायको पन्नाशीतले, राहतो त्रिमूर्तीनगरात. नर्मदा परिक्रमा एका दमात करणं नोकरीमुळे जमत नाही, म्हणून जानेवारीत आठ दिवसांची रजा काढून दक्षिण काठाने नर्मदापुरम ते हंडिया एवढा टप्पा पायी करावा म्हणतो. यांची चाल झपाझप, मी मागे राहते. अंबाझरीला फिरायला गेलो तरी तेच. एकत्र चालावं की आपापल्या चालीने? सामान कसं वाटून घ्यावं? आणि सासूबाई म्हणतात, तुकड्या-तुकड्यांनी केलेली परिक्रमा पावत नाही. त्यांना काय सांगू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी सासूबाईंचं बघू. त्यांचं म्हणणं उगाच नाही. उचललेल्या परिक्रमेचे नेम कडकच आहेत : मैया सतत उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात एका जागी मुक्काम, आणि जुन्या रीतीने 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस. पण खंड परिक्रमा करणारेही पुष्कळ आहेत, आणि काठावरची माणसं त्यांनाही ‘नर्मदे हर’ म्हणत तितक्याच मायेने ओसरीवर बसवतात. निघताना संकल्पच खंड परिक्रमेचा सोडा आणि तो सोडताना सासूबाईंना शेजारी बसवा. मनातली अढी त्यानेच सुटेल.

नागपूरकरांना दक्षिण काठाची मोठी सोय आहे. इटारसीमार्गे नर्मदापुरमला (2022पर्यंतचं होशंगाबाद) उतरायचं आणि परतताना हंडियाहून रस्त्याने हरद्याला येऊन तिथून इटारसीची गाडी धरायची. या सगळ्यात नदी एकदाही ओलांडावी लागत नाही. जबलपूरकडून सुरुवात केली असती तर शहरात शिरण्याआधीच तिलवाराघाटचा पूल लागला असता. हंडियाला पोचलात की समोर नेमावरचं सिद्धनाथाचं देऊळ दिसेल आणि पूलही हाताशी असेल. जाऊ नका. हात याच काठावरून जोडा, दर्शन अलीकडे ऋद्धनाथाचं घ्या. ही जागा मैयाचं नाभिस्थान मानतात. टप्पा संपवायला याहून चांगलं ठिकाण तुम्हाला मिळणार नाही.

आता चालीचं. आपापल्या चालीने चालायला माझा ठाम विरोध आहे, आणि एकटेपणाची भीती हे त्याचं कारण नाही. पुढे गेलेला माणूस झाडाखाली टेकतो, पाणी पितो, पाय मोकळे करतो. मागचा धापा टाकत तिथवर येतो, तेव्हा पुढच्याची विश्रांती झालेली असते. ‘चला, निघू या,’ म्हणत तो उठतो आणि मागच्याला बूड टेकायलाही मिळत नाही. दिवसभर हेच चालतं. संध्याकाळी जो जास्त थकलेला असतो तोच दिवसभर सगळ्यात कमी बसलेला असतो, आणि मग बोलणं वाढतं. म्हणून तुम्ही पुढे चाला, त्यांनी मागे. मुक्काम कुठे टाकायचा हेही तुम्हीच सांगायचं, आणि हे नागपुरातच ठरवून निघायचं. आमचे हे सुरुवातीला कुरकुरले. पण मागून चालताना हरभऱ्याची शेतं, काठावरचे पक्षी निवांत बघायला मिळतात हे त्यांच्याच लक्षात आलं, आणि आता ते आपणहून मला वाट देतात.

दिवसाला 15 किलोमीटरच्या आसपास धरा. काठाची वाट नदीसारखीच वळणं घेते, नाल्याला वळसे पडतात. नकाशावर पट्टी लावून हिशेब करू नका. शेवटचा एक दिवस मोकळा ठेवा.

सामान वाटताना ‘औषधं माझ्याकडे, टॉर्च तुमच्याकडे’ असं करू नका. पुष्कळ आश्रमांत बायकांची झोपायची सोय वेगळी असते. रात्री तुम्हाला खोकला लागला आणि गोळ्या पलीकडच्या दालनात यांच्या पिशवीत, असं व्हायला नको. टॉर्च, गोळ्या, साबण, अंथरूण-पांघरूण, थोडे पैसे हे प्रत्येकाकडे स्वतःचं हवं. एकच ठेवायचं ते पातेलं, कारण काही ठिकाणी तयार जेवणाऐवजी सदाव्रत मिळतं : पीठ, डाळ, तांदूळ. ते आपण रांधून घ्यायचं. पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहिलं तर उत्तम. आधी भरलेली पिशवी घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढून-उतरून पाहा. गुडघे आणि पट्टे दोन्ही काय म्हणतात ते तिथेच कळेल.

पायांची काळजी मात्र लहान मुलासारखी घ्या. फोड एकदम येत नाही. आधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावायची, ‘पुढच्या गावात बघू’ म्हणायचं नाही. नाला ओलांडताना पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पाय घसरला तर ती झटकन काढता आली पाहिजे. पलीकडे गेल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, बुटातली काळ्या मातीची कच झटका, कोरडे मोजे घाला आणि मगच निघा.

प्रश्न : आम्ही दोघांनी मिळून हंडियापर्यंत केली. यंदा यांचा गुडघा धरलाय. पुढचा टप्पा मी मैत्रिणींबरोबर करू का? मन अडखळतं.
– एक वाचक, महाल

उत्तर : जा. पण त्यांना विचारून जा, नुसतं सांगून नव्हे; वाट दोघांनी सुरू केली आहे. एवढं लक्षात घ्या की हंडियाच्या पुढे इंदिरासागर धरणाचं पाणी पसरलंय. 2004मध्ये हरसूद गाव ज्या पाण्यात गेलं तेच हे. काठाच्या जुन्या वाटा बुडाल्या आहेत, लांबचे वळसे घालावे लागतात. दुखऱ्या गुडघ्याला हा पट्टा झेपणारा नाही. यांना यायचंच असेल तर त्यांनी दक्षिण बाजूनेच गाडीने पुढे जावं आणि रात्रीच्या मुक्कामी भेटावं. कुठल्या गावात, कुणाच्या ओसरीवर, हे रोज सकाळी निघण्याआधीच ठरवा. फोनच्या रेंजवर विसंबू नका.