‘हिचहायकर्स गाइड’ या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची मते इतकी दुभंगलेली का आहेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डग्लस अ‍ॅडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ ही विनोदी विज्ञानकादंबरी आपण दोनदा वाचलीत, तिच्यावर बेतलेला २००५ सालचा चित्रपट मात्र चाळीस मिनिटांत बंद केलात. ज्या मित्राने पुस्तक हातातही धरलेले नाही त्याला तोच चित्रपट मनापासून आवडला. इतरांना विचारले तर कोणी म्हणाले की ही लेखकाशी केलेली प्रतारणा आहे, तर कोणी म्हणाले की एका चांगल्या चित्रपटावर अन्याय झाला. असे का व्हावे आणि यात बरोबर कोण, हे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. चित्रपटाने कथानक बदलले ही तक्रार मला मान्य नाही. चित्रपटाने विनोद अर्ध्यावर तोडले ही तक्रार मात्र खरी आहे, आणि बहुतेक वाचक दुसऱ्या कारणाने दुखावलेले असूनही बोलताना पहिले कारण सांगतात. मी मुद्रितशोधनाचे काम करते, दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये वाचते, त्यामुळे एखाद्या वाक्यातून नेमके काय गळले की ते पांगळे होते याकडे माझे लक्ष जरा जास्त जाते, एवढे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

ही गोष्ट मुळात पुस्तक नव्हतीच. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर तिचा पहिला भाग प्रसारित झाला. त्या नभोनाट्यावरून १९७९ मध्ये कादंबरी आली, १९८१ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आणि १९८४ मध्ये संगणकावरचा शब्दखेळ. दर वेळी अ‍ॅडम्स यांनी स्वतःच्या हाताने घटना हलवल्या, काही गाळल्या, काही नव्या घातल्या. रेडिओवरची गोष्ट आणि कादंबरीतली गोष्ट शेवटाकडे एकमेकींशी जुळतही नाहीत. चित्रपटाच्या पटकथेवरही ते अनेक वर्षे काम करत होते. मे २००१ मध्ये वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, त्यानंतर कॅरी कर्कपॅट्रिक यांनी ती पटकथा पूर्ण केली आणि गार्थ जेनिंग्स यांनी चित्रपट दिग्दर्शित केला. जॉन मालकोविच यांनी साकारलेला हुम्मा कवूला हा धर्मगुरू कादंबरीत नाही म्हणून ज्यांनी संताप व्यक्त केला, त्यांना हे ठाऊक नसते की तो अ‍ॅडम्स यांनीच चित्रपटासाठी निर्माण केला होता. ज्या लेखकाने आपली गोष्ट कधीच एका साच्यात ठेवली नाही, त्याच्या नावाने मूळ साच्याचा आग्रह धरणे मला पटत नाही.

मग पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांना खुपते ते काय?

आमच्या गिरगावच्या घरात मुंबई आकाशवाणीवरची ‘प्रपंच’ ही कौटुंबिक श्रुतिका नेमाने ऐकली जाई. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांचा कधी विषय निघाला की माझ्या आईचा चेहरा आजही उजळतो. टेकाडे भावजी दिसायला कसे होते असे तिला विचारले तर ती क्षणाचाही विलंब न लावता सांगते की ते उंच आणि किडकिडीत होते, सदऱ्याचे वरचे बटण कायम लावलेले असे आणि दारात उभे राहताना ते एक पाय दुसऱ्या पायावर टाकून चौकटीला टेकत. यातले काहीही तिने कोणाकडून ऐकलेले नाही. तो माणूस तिने केवळ आवाजातून उभा केला, आणि उद्या कोणी पडद्यावर गुटगुटीत टेकाडे भावजी आणले तर ती पहिल्या मिनिटाला उठून स्वयंपाकघरात जाईल.

ब्रिटिश श्रोत्यांच्या मनात ‘गाइड’चा आवाज असाच बसलेला होता. रेडिओवर पीटर जोन्स हे त्या काल्पनिक माहितीपुस्तकाचे निवेदन करत, शांतपणे, काहीशा अचंब्याने, जणू जगाचा अंत ही रेल्वेच्या वेळापत्रकातली एक नोंद असावी. चित्रपट येईपर्यंत त्या आवाजाला २७ वर्षे झाली होती. चित्रपटात ते काम स्टीफन फ्राय यांनी केले आहे आणि त्यांचा आवाज मला तरी अतिशय समर्पक वाटतो. पण त्या आवाजाला चित्रपट पुरेसा वेळ देत नाही, आणि माझ्या मते सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

एकच प्रसंग जवळून पाहू. गोष्टीच्या सुरुवातीला तिचा नायक आर्थर डेंट याचे घर वळणरस्त्यासाठी पाडायला बुलडोझर आलेले आहेत, आणि प्रॉसर नावाचा अधिकारी त्याला सांगतो की आराखडे केव्हाचे पाहणीसाठी उपलब्ध होते, हरकत तेव्हाच घ्यायला हवी होती. कादंबरीत यापुढे एक संभाषण आहे. आराखडे पाहायला आर्थरला तळघरात उतरावे लागले होते, तिथे दिवे नव्हते, जिनाही नव्हता, आराखडे एका कुलूपबंद कपाटाच्या तळाशी होते, ते कपाट वापरात नसलेल्या शौचालयात होते, आणि त्या शौचालयाच्या दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी होती. प्रत्येक पायरीवर अधिकाऱ्याचे म्हणणे एकच, की सूचना लावलेली होती आणि ती तुम्हाला सापडलीही. मुंबईत राहणाऱ्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. माझ्या वडिलांच्या एका स्नेह्यांचे दुकान रस्तारुंदीत गेले, तेव्हा हरकती व सूचना मागवणारा कागद संबंधित कार्यालयाच्या मागच्या जिन्याखाली, बंद पडलेल्या पाणी थंड करण्याच्या यंत्राच्या वरच्या भिंतीवर लावलेला होता. काका तिथे पोहोचले तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते. तो कागद वाचण्यासाठी त्यांना यंत्राच्या बाजूला तिरके उभे राहावे लागले, हे ते पुढे अनेक वर्षे तसेच उभे राहून दाखवत.

चित्रपटात हे संभाषण काही क्षणांत उरकते. तळघराचा उल्लेख येतो आणि पुढच्या पायऱ्या गाळल्या जातात. पटकथेच्या दृष्टीने यात काही बिघडले नाही, कारण घर पाडले जाणार एवढेच कथेला हवे असते. विनोद मात्र त्या पायऱ्यांमध्येच होता. गाणारा आवर्तन भरत येतो आणि समेवर येतो तेव्हाच आपली मान हलते; आवर्तनच नसेल तर सम ही नुसती एक मात्रा उरते. माझ्या भाच्याने पुस्तक वाचलेले नव्हते. मागच्या पावसाळ्यात त्याने माझ्याकडे पार्ल्याला हा चित्रपट पाहिला, आणि या प्रसंगाला तो हसलाही नाही आणि कंटाळलाही नाही, तो फक्त पुढे काय होते याची वाट पाहत राहिला. चित्रपट संपल्यावर मी कपाटातून पुस्तक काढून तेवढे दीड पान त्याला मराठीत सांगितले. कुलूपबंद कपाटापर्यंत तो गालातल्या गालात हसत होता, बिबट्याच्या पाटीला त्याने उशी तोंडावर दाबली आणि मग विचारले, “मावशी, हे चित्रपटात का नाही?” आपण विचारलेला प्रश्नही मला याहून फार वेगळा वाटत नाही.

आपल्याकडे याच अडचणीतून उत्तम वाट काढलेली आहे, म्हणून तिचा उल्लेख करते. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या कथा स्वतः चिमणराव सांगतो. सगळी गंमत त्याच्या भाबड्या निवेदनात आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर त्यांची मालिका आली तेव्हा दिलीप प्रभावळकर यांनी तो भाबडेपणा डोळ्यांत, खांद्यांत आणि चाचरत्या बोलण्यात उतरवला, म्हणून पुस्तकाचे वाचकही तृप्त झाले. हे शक्य झाले, कारण तिथे निवेदक हेच पात्र होते. अ‍ॅडम्स यांच्या गोष्टीत निवेदक घटनेच्या बाहेर उभा आहे. तो आर्थर नाही, आर्थरचा मित्र फोर्ड नाही, कोणीच नाही. मार्टिन फ्रीमन यांनी आर्थरचा गोंधळ आणि सौजन्य कितीही नेमके पकडले, आणि त्यांनी ते पकडलेच आहे, तरी निवेदकाचे काम आर्थरच्या चेहऱ्याला करता येणार नाही. ते काम आवाजालाच करावे लागते, आणि आवाजाला वाव द्यायचा तर कथानकाला थांबावे लागते. सुमारे पावणेदोन तासांच्या चित्रपटाला ती भीती वाटली असावी.

जिथे चित्रपट थांबला तिथे तो उत्कृष्ट आहे, आणि ही गोष्ट तक्रार करणारे सांगत नाहीत. अवकाशयानावर सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांपैकी एकाचा देवमासा होतो आणि दुसऱ्याची फुलझाडाची कुंडी, तो प्रसंग आठवून पाहा. आपण कोण, कुठे, कशासाठी, हे त्या देवमाशाला जमिनीवर आदळेपर्यंतच्या थोड्या क्षणांत शोधायचे असते. कॅमेरा त्याच्याबरोबर खाली येत राहतो, बिल बेली यांच्या आवाजात तो वाऱ्याला नाव देतो, शेपटीला नाव देतो, समोरून झपाट्याने मोठे होत येणाऱ्या वस्तूलाही नाव देतो, आणि त्या नव्या वस्तूशी आपली मैत्री होईल अशी त्याला आशा वाटते. इथे कोणी वाक्य कापले नाही, त्यामुळे पुस्तक वाचलेला आणि न वाचलेला असे दोघेही एकाच क्षणी हसतात आणि एकाच क्षणी त्यांना वाईट वाटते.

दुसरे यश गोष्टीच्या सुरुवातीलाच पृथ्वी नष्ट करणाऱ्या व्होगॉन या जमातीचे. जिम हेन्सन यांच्या नावाच्या कार्यशाळेने घडवलेले ते अवाढव्य, लोंबत्या मांसाचे कारकून प्रत्यक्ष वजन असलेले वाटतात. त्यांच्या ग्रहावर मनात एखादी कल्पना येताच जमिनीतून एक फळी वर येऊन तोंडावर फाडकन बसते, म्हणून तिथे विचार करण्याची सवय कोणाला लागलीच नाही. हा खास पडद्याचा विनोद आहे, त्याला एकाही शब्दाची गरज नाही. आर्थरची सहप्रवासी ट्रिलियन हिला त्यांच्या तावडीतून सोडवायला गेलेली मंडळी हत्यार उपसण्याऐवजी रांगेत उभी राहतात, अर्ज भरतात, हा भागही पुस्तकात नाही, आणि तरीही तो पुस्तकाच्या स्वभावाला किती धरून आहे! त्या रांगेत १९८१ च्या मालिकेतला जुना मार्विन यंत्रमानव उभा केलेला आहे. नवा मार्विन अ‍ॅलन रिकमन यांच्या खोल, थकलेल्या आवाजात बोलतो. करणाऱ्यांचे मूळ कृतीवर प्रेम होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चित्रपट शेवटी डग्लस यांनाच अर्पण केलेला आहे.

प्रेमकथेबद्दल मात्र मी आपल्या बाजूची आहे. कादंबरीत आर्थर आणि ट्रिलियन इस्लिंग्टनमधल्या एका मेजवानीत पूर्वी भेटलेले असतात, एवढेच. चित्रपटाने त्या भेटीला नायक-नायिकेचे वळण दिले, आणि त्यासाठी जो वेळ खर्च झाला तो निवेदनातून वजा झाला. शेवटी पृथ्वीची दुसरी प्रत तयार करून जवळजवळ सगळे जागेवर आणून ठेवलेले आहे, त्याने माझ्या दृष्टीने अधिक नुकसान झाले. पुस्तकात घर गेले ते गेलेच; त्या हानीच्या काठावर बसून केलेला विनोद म्हणूनच तो इतका खोल लागतो. उलट हुम्मा कवूलाने ओलीस ठेवून घेतलेले, आकाशगंगेचा दोन डोक्यांचा अध्यक्ष झेफॉड याचे दुसरे डोके तसेच राहून जाते, त्याची कोणी पुढे चौकशीही करत नाही. पुढच्या भागाची सोय म्हणून तसे केले असेल तर तो भाग आलाच नाही.

तेव्हा आपल्या मित्राने देखणे ग्रह, उत्तम नट आणि धावती कथा पाहिली, आणि त्याला जे मिळाले ते खरोखर चांगले होते. आपण मात्र पाठ असलेल्या वाक्यांची सम ऐकायला बसला होता आणि ती दर वेळी हुकली. मित्राची अभिरुची उथळ आहे आणि आपण हट्टी आहात असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये.

आपण चाळीस मिनिटांवर थांबलात, म्हणजे मॅग्राथिया हा ग्रह पाहिलाच नाही. तिथे बिल नाय यांनी रंगवलेला वृद्ध स्लार्टीबार्टफास्ट आर्थरला एका लहानशा उघड्या गाडीत बसवून ग्रह घडवण्याच्या कारखान्यात घेऊन जातो. अंधारातून गाडी बाहेर येते आणि अर्धवट बांधलेले जग दूरवर पसरलेले दिसते. कुठे समुद्र भरला जात आहे, कुठे कडे रंगवले जात आहेत, आणि म्हातारा नॉर्वेच्या किनाऱ्याची वळणे आपण केली आहेत हे संकोचाने सांगतो. एवढा भाग तरी रात्री दिवे मालवून, मोठ्या पडद्यावर पाहा. मित्राला बिबट्याच्या पाटीचे दीड पान मोठ्याने वाचून दाखवा, मात्र वाचताना घाई करू नका.