खोलीच्या उकाड्याचा दोष किती, कार्डाचा किती?

प्रश्न : एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड तीन वर्षं वापरतो आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) लावलं की जीपीयू, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, ८३ अंश आणि हॉटस्पॉट १०७ दाखवतो. डिसेंबरात हेच आकडे ७२ आणि ८५ होते. खोलीत एसी नाही. कार्ड जळेल का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : लगेच जळणार नाही. या कार्डाची कमाल मर्यादा कंपनीने ९३ अंश दिली आहे. तिथे पोचण्याआधीच ते वेग कमी करून स्वतःला सांभाळतं. ८३ हा आकडा एप्रिलच्या पुण्यात चालण्यासारखा आहे. खोली १० अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच तापतं.

काळजी वाटते ती हॉटस्पॉटची. चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं हे तापमान. डिसेंबरात दोन आकड्यांत १३ अंशांचा फरक होता, आता २४ आहे. उकाड्याने दोन्ही आकडे सारखेच वाढायला हवेत. फरक वाढला, म्हणजे बहुधा चिप आणि हीटसिंक (उष्णता खेचणारा धातूचा भाग) यांमधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट सुकली किंवा कडेला सरकली आहे.

आधी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून वीस मिनिटं रेंडर चालवा. जीपीयू सात-आठ अंशांनी उतरला, तर हवा खेळत नाही. पुढची जाळी साफ करा, मागे बाहेर फेकणारा पंखा लावा. धूळ ब्लोअरने उडवताना प्लग काढा आणि कार्डाच्या पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोरात फिरली तर बेअरिंग खराब होतं.

फरक तरीही तेवढाच राहिला, तर पेस्ट बदला. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपली असेल आणि स्वतः उघडलंत, तर पंख्याची वायर हलक्या हाताने काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पूर्ण चिपवर पातळ पसरा. इथे चिपवर धातूचं झाकण नसतं, त्यामुळे कोपरा कोरडा राहिला की तिथेच हॉटस्पॉट होतो. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले, तर त्याच जाडीचे आणा. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅडनेही हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

तोवर आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने खायच्या विजेची मर्यादा) ८५ टक्के करा. १७० वॉटचे सुमारे १४५ होतील. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण उष्णता लगेच कमी होईल.